डब्याने म्हटलेले गाणे



संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच गावोगाव गॅदरिंगचे वारे वाहू लागतात. शाळेच्या पटांगणात मंडप पडतो, कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची रंगभूमी होते, आणि अंगणवाडीच्या ताईंपुढे दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो : यंदा लहान मुलांचे गाणे कोणते घ्यायचे?

गेल्या वर्षी अशाच एका कार्यक्रमाला मला बोलावणे होते. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. तीन ते सहा वर्षांची चौदा मुले भाड्याने आणलेले चकचकीत पोशाख घालून ट्रॉलीवर उभी होती. साउंडवाल्याने गाणे लावले. सिनेमातले, त्या साली प्रत्येक वरातीत वाजलेले. ताई खाली बसून हातवारे करून दाखवत होत्या आणि त्यांच्याकडे बघत बघत मुले हात हलवत होती. दोघीजणी रडत होत्या. एक लेकरू उभ्या उभ्या पेंगत होते. चौदांपैकी एकाचेही तोंड उघडलेले नव्हते. गाणे संपले, टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, हौशी मंडळींनी बक्षिसाच्या नोटा पुढे केल्या.

माझ्या शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. नातू येऊन मांडीवर बसला तशी त्यांनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारले, "काय म्हनलास रं माझ्या राजा?"

पोराने साउंडच्या काळ्या खोक्याकडे बोट दाखवले. "म्या न्हाय म्हनलं. त्या डब्यानं म्हनलं."

आसपासचे सगळे हसले. मीही हसले. पण घरी परतताना एस.टी.त ते बोट काही डोळ्यांपुढून जाईना.

दोष एकट्या डब्याला तरी कसा द्यायचा? फार वर्षांपूर्वी मी स्वतः बालवाडी चालवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. पाहुणे येणार म्हणून मी मुलांचे गाणे बसवले होते. एका मुलाला 'र' म्हणता येत नसे, त्याचा 'ल' होई, आणि आवाजही जरा घोगरा. सगळ्यांत तो वेगळा ऐकू येई. मी त्याला मायेनेच म्हटले, "तू नुसते ओठ हलव हं." त्याने मान डोलावली. कार्यक्रम छान झाला. पण त्यानंतर होळी येऊन गेली तरी ते पोर वर्गात गाण्याला तोंड उघडीना. त्याची आई एक दिवस म्हणाली, "बाई, घरात सारखा गुणगुणायचा. आता गप झालाय." मी त्याला परत बोलता करायला पाऊस पडेपर्यंतचा काळ गेला. तेव्हापासून मी एक नियम धरला आहे. जे गाणे आपल्या बालवाडीतले प्रत्येक मूल स्वतःच्या तोंडाने म्हणू शकत नाही, ते गाणे कितीही गोड असो, आपल्या बालवाडीचे नव्हे.

आता असे गाणे ओळखायचे कसे, ते क्रमाने सांगते.

आधी गळा बघावा

मोठ्या माणसाचा तयार गळा दीड-दोन सप्तके सहज फिरतो. सिनेमातली गाणी अशा गळ्यांसाठी बांधलेली असतात. तीन-चार वर्षांच्या मुलाचा गळा पाच-सहा सुरांतच सुखाने फिरतो. पाच-सहा वर्षांचे झाले की थोडी जागा वाढते, इतकेच. म्हणून ज्या गाण्याची चाल एकदम आभाळात जाते आणि एकदम विहिरीत उतरते, ते गाणे बाजूला ठेवावे.

गावात कुणाकडे भजनाची पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी दोन हा सा धरावा आणि सा पासून प पर्यंतच्या पाच सुरांत चाल बसते का, हे बघावे. तिथे मुलांचा आवाज मोकळा लागतो. पेटी नसली तरी अडत नाही. वरच्या ओळीला मुलांच्या मानेच्या शिरा फुगल्या, मुले ओरडू लागली, तर समजावे की गाणे फार उंच धरले आहे. खालच्या ओळीला आवाज पुटपुटल्यासारखा घशात राहिला, तर फार खाली धरले आहे. पुष्कळ बायका सवयीने खालच्या पट्टीत गाणे सुरू करतात आणि मुलांना तिथे सूरच सापडत नाही. गुरुजी शिकवत असतील तर हा घोटाळा आणखी होतो. अशा वेळी तिसरी-चौथीतल्या एखाद्या मुलीला पहिली ओळ म्हणायला सांगावे. मुले तिचा सूर चटकन उचलतात.

आणि "जोरात म्हणा! मोठ्यांदा म्हणा!" हे बंद करावे. लहान गळा ओरडून बसतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी निम्मी मुले घोगरी होतात. "माझ्या कानापर्यंत आणून द्या" असे म्हटले की मुले बरोबर म्हणतात.

मग श्वास आणि जीभ

लहान मुलाचा दम आखूड. एका दमात चार-पाच शब्दांची ओळ पुरी होते. लांबलचक ओळ असली की शेवटचे दोन शब्द ताईच म्हणतात. कडवी दोन किंवा तीन. सगळे मिळून गाणे दोन मिनिटांत संपावे. चांगले पण लांब गाणे हाती आले, तर दोनच कडवी घ्यावीत. बाकीची गाळली म्हणून काही बिघडत नाही.

शब्द कोरडे, जोडाक्षरांनी गच्च भरलेले नसावेत. 'र', 'ळ', 'श' ही अक्षरे पुष्कळ मुलांच्या तोंडी उशिरा बसतात. त्यासाठी मुलाला हटकू नये, आणि ओठ हलवायला तर मुळीच सांगू नये. मी केलेली चूक तुम्ही करू नका. दहा मुलांत एखाद्याचा 'र' बोबडा आला तर गाणे काही बिघडत नाही.

अर्थ मुलाच्या ओळखीचा हवा

गाय, बैल, चिमणी, पाऊस, भाकरी, चांदोबा, आजीची गोधडी, विहीर, बाजार ही मुलाची दुनिया. जे त्याने पाहिले आहे त्याचे गाणे तो डोळ्यांनीही म्हणतो. उलट प्रियकर-प्रेयसीचे गाणे चार वर्षांच्या पोरीला लावून तिला कंबर हलवायला शिकवायचे, यात आपली हौस भागते, तिचे काही भागत नाही. मोठी माणसे हसतात. आपण का हसलो जातो आहोत हे तिला कळत नाही, पण कसे केले म्हणजे लोक हसतात हे मात्र ती शिकते.

सिनेमातले म्हणून गाणे वाईटच, असेही मी म्हणत नाही. 'नाच रे मोरा' हे ग. दि. माडगूळकरांचे गाणे १९५३ सालच्या 'देवबाप्पा' या चित्रपटातलेच आहे. चाल पु. ल. देशपांड्यांची आणि आवाज आशाबाईंचा. सत्तर वर्षे उलटली तरी ते अंगणात टिकून आहे, कारण ते मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. गाणे कुठून आले, याची चौकशी करण्यापेक्षा ते कुणासाठी लिहिले आहे, हे विचारावे.

गाणे अंगणातच असते

ताई म्हणतात, "बाई, नवीन गाणी आणायची कुठून?" त्यांना मी कोसबादची आठवण देते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते काम जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर नेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. विकतच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, काड्या त्यांनी मुलांच्या हाती दिल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, आणि अंगणवाडी हे नाव पुढे देशभर झाले.

साधने जर अंगणातली चालतात, तर गाणे अंगणातले का चालू नये? आपल्या घरातल्या आजीला विचारा. बोटांची गाणी, पावसाची गाणी, चांदोबाची गाणी तिच्या ओटीत पडलेली आहेत. भोंडल्याची, हादग्याची, खानदेश-विदर्भाकडची भुलाबाईची गाणी आहेत. फेर धरून म्हणायची, पुन्हा पुन्हा तीच ओळ येणारी, सोप्या चालीची. त्यांतली काही सासुरवासाची असतात, ती लहानांसाठी सोडून द्यावीत. सण, पाने-फुले, खिरापत यांची निवडावीत.

मुलाच्या घरी जी बोली आहे तिचाही मान राखावा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, कोरकू, पावरी, गोरमाटी, जी असेल ती. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात घरची भाषाच शिक्षणाची भाषा असावी, यावर भर दिला आहे. एका कार्यक्रमात निदान एक गाणे मुलांच्या घरच्या बोलीत असले, तर समोर बसलेल्या आयांचे चेहरे बघा कसे उजळतात.

झीलकऱ्याची युक्ती

पोवाड्यात शाहीर ओळ म्हणतो आणि झीलकरी झील धरतात. शेतात भलरी म्हणताना एकजण पुढे सांगतो, बाकीचे मागून ओढतात. लहान मुलांसाठी याहून चांगली रीत मला सापडलेली नाही. प्रश्न ताईने किंवा मोठ्या मुलीने म्हणायचा, उत्तर सगळ्या मुलांनी. पाठांतराचे ओझे नाही, विसरण्याची भीती नाही. असे गाणे तुम्हीसुद्धा रचू शकता. मी आमच्या मुलांसाठी रचलेले एक देते, हवे तर घ्या :

गोठ्यात कोण गं? — गाय, गाय!
वाटीत काय गं? — साय, साय!
शेतात कोण गं? — बैल, बैल!
घुंगूर कसा गं? — सैल, सैल!
अंगणात कोण गं? — आम्ही, आम्ही!
गाणं कोण म्हणतं? — आम्ही, आम्ही!

यात कवित्व काही नाही. पण गाय ज्यांच्या दारात असेल त्यांनी गाय ठेवावी, शेळी असेल त्यांनी शेळी घालावी, कोकणात होडी घालावी. 'गाय'ला हाताची शिंगे, 'बैल'ला मान हलवणे, 'आम्ही'ला छातीवर हात, एवढा अभिनय पुरे. प्रत्येक शब्दाला नवा हातवारा शिकवला की मुले हातवाऱ्यांत गुंततात आणि गाणे सुटते.

याच गाण्याची एक हकिगत सांगते. एका गावी ऊसतोड मजुरांची टोळी उतरली होती. त्यांतली एक चार-पाच वर्षांची मुलगी गॅदरिंगच्या आधी चारच दिवस अंगणवाडीत येऊ लागली. दारात बसायची, बोलायची नाही. चौदा ओळींचे पाठ गाणे असते तर तिला "तू बघत बस" असे सांगावे लागले असते. इथे फक्त उत्तर द्यायचे होते. तिसऱ्या दिवशी तिने "साय, साय" म्हटले आणि स्वतःच हसली. कार्यक्रमाच्या दिवशी तिची आई फडावरून तशीच आली होती, कोयता पदराआड धरून. शेवटच्या ओळीला "आम्ही, आम्ही" म्हणताना त्या मुलीने छातीवर हात इतक्या जोरात मारून घेतला की सगळे खदखदून हसले. आई हसली नाही. ती फक्त बघत होती.

निवडीची परीक्षा

दोन-तीन गाणी मनात ठरवावीत आणि मुलांना काही न सांगता आपण कामे करता करता म्हणावीत. खिचडी वाढताना, हात धुताना, केर काढताना. तीन-चार दिवसांनी कान देऊन ऐकावे. मुले मातीत खेळताना जे गाणे गुणगुणतील, ते निवडावे. जे कुणीच गुणगुणले नाही, ते आपल्याला कितीही आवडो, सोडून द्यावे. मुलांनी केलेली निवड सहसा चुकत नाही.

सराव रोज दहा मिनिटे, तीन आठवडे. तासभर बसवून घोटून घेतले की गाण्याचा कंटाळा येतो. ठेक्याला खंजिरी किंवा टाळ्या पुरतात. दादरा किंवा केरवा, पावलांना आपोआप कळणारा ठेका असावा.

पोशाख, माइक आणि वेळ

पोशाख भाड्याने आणण्याचा आग्रह धरू नये. ज्या घरात दिवसाच्या मजुरीवर चूल पेटते, तिथल्या आईला भाड्याचे पैसे मागितले की ती उसने काढून देते, किंवा मूलच त्या दिवशी आजारी पडते. धुतलेले कपडे आणि डोक्याला कागदाची टोपी किंवा झेंडूचे फूल, एवढ्याने मुले छान दिसतात. माझी मुलगी पुढे, तुमची मागे, हा तंटाही नको. मुलांना अर्धगोलात उभे करावे, म्हणजे सगळीच पुढे.

ट्रॉलीची उंची मुलांना भिववते. जमिनीवर सतरंजी घालून लोकांनी भोवती बसावे. माइक दोनच, मुलांच्या छातीइतक्या उंचीवर, त्यांच्यापासून दोन हात लांब ठेवावेत. तोंडाशी धरलेल्या माइकमध्ये एकच मूल ओरडते आणि बाकीची गप्प होतात.

आणि वेळ! सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे बंद ठेवायचे असतात. पण लहान मुलांची रात्र त्याच्या किती आधी होते! पाहुणे यायचे आहेत, दीपप्रज्वलन व्हायचे आहे, चार भाषणे व्हायची आहेत, आणि तोवर मुले तहानलेली, पेंगुळलेली, लघवी आवरून बसलेली. सरपंचांना हात जोडून सांगावे, "दादा, लेकरांचं गाणं दिवस मावळायच्या आत, सगळ्यांत पहिलं." नीट सांगितले की ऐकतात. त्यांच्याही घरी लेकरे आहेत.

कुणी म्हणेल, लोकांना डब्यावरचेच गाणे आवडते, त्याशिवाय टाळ्या पडत नाहीत. पडत नाहीत तर न पडोत. बेसूर का होईना, दहा-पंधरा मुलांनी एकत्र म्हटलेले दोन मिनिटांचे गाणे ऐकायला आया-आज्या कान टवकारतात, माणसे बोलायची थांबतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि घरी गेल्यावर आजीने "काय म्हनलास रं?" असे विचारले, की ते मूल तिथेच, चुलीपुढे, ते गाणे पुन्हा म्हणून दाखवते. ज्या गाण्याला हे दुसरे ऐकणे मिळते, ते गाणे बरोबर निवडले, असे समजावे.

तुमच्या गावात मुले अंगणात कोणती गाणी म्हणतात, ती कुठल्या बोलीतली, कशी चाल, ते मला या सदराच्या पत्त्यावर जरूर कळवा. घरात लिहिणारे कुणी नसेल तर शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. पुढल्या गॅदरिंगच्या आधी ती एकत्र करून इथे देईन, म्हणजे एका गावचे अंगण दुसऱ्या गावच्या लेकरांना मिळेल.

तुमची,
बालवाडीच्या बाई